अंगावरचा काटा आणि यंत्रावरचा काटा

महाडचे नाव घेतले की मराठी माणसाला रायगड आठवतो, चवदार तळे आठवते. महामार्ग सोडून बिरवाडीच्या बाजूला वळल्यावर लागणारी औद्योगिक वसाहत मात्र फारशा कोणाच्या स्मरणात नसते. वायुगळती झाली, स्फोट झाला, की तेवढ्यापुरते तिचे नाव वृत्तपत्रांत झळकते आणि दोन-चार दिवसांत विरून जाते. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी येथील एका औषधनिर्मितीच्या कारखान्यात स्फोट व आग होऊन अकरा कामगारांचा बळी गेला, तेव्हाही असेच घडले. आज या वसाहतीकडे वाचकांचे लक्ष वेधायचे आहे ते एका वेगळ्याच कारणाने.

रासायनिक कारखान्याच्या नियंत्रण कक्षात गेल्यावर प्रथम नजरेत भरतात ते पडदे. कोणत्या रिअॅक्टरचे तापमान किती, दाब किती, कोणती झडप उघडी, कोणती बंद, हे सारे आकड्यांत आणि रंगांत समोर मांडलेले असते. मर्यादा ओलांडली की आकडा लाल होतो आणि भोंगा वाजतो. त्या पडद्यांसमोर रात्रपाळीला बसलेल्या माणसाच्या मनात काय चालले आहे, ते मात्र कोणत्याही पडद्यावर उमटत नाही. ही उणीव आम्ही भरून काढू, असे सांगणारे तंत्रज्ञान आता दाराशी आले आहे. माणसाची भावना टिपून ती दिव्याच्या, रंगाच्या किंवा शब्दाच्या रूपाने दाखवणारे उपकरण रचणे आज मुळीच अवघड राहिलेले नाही. महाडपासून जवळच, माणगाव तालुक्यात लोणेरे येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. तेथील अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याने मनात आणले तर अंतिम वर्षाचा प्रकल्प म्हणून असे उपकरण तो सहज उभे करील. प्रश्न आहे तो त्याने ते कसे रचावे, हा. आणि हा प्रश्न केवळ अभियंत्यांवर सोडून देण्यासारखा नाही.

प्रथम हे उपकरण काय करते ते समजून घेऊ. मनावर ताण आला की तळहाताला सूक्ष्म घाम सुटतो. डोळ्यांना तो दिसेलच असे नाही. पण त्वचेची वीज वाहून नेण्याची क्षमता त्याने बदलते. दोन बोटांना दोन पट्ट्या लावून अगदी क्षीण विद्युत्प्रवाह सोडला तर हा बदल मोजता येतो. कारण घडल्यापासून साधारण एक ते तीन सेकंदांत रेषा वर चढते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच व रशियन शास्त्रज्ञांनी ही गोष्ट नोंदवून ठेवली होती. त्याला आता मनगटावरच्या घड्याळातून टिपलेले नाडीचे ठोके, आवाजातील चढउतार आणि चेहऱ्यावर रोखलेला कॅमेरा यांची जोड मिळाली आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या रोझलिंड पिकार्ड यांनी १९९७ साली ‘अफेक्टिव्ह कॉम्प्युटिंग’ हा ग्रंथ लिहून या विद्येला नाव मिळवून दिले. त्यांच्याच प्रयोगशाळेत हातमोज्यासारखे एक उपकरण तयार झाले होते. मन उत्तेजित झाले की त्यावरचा छोटा दिवा अधिक उजळे, शांत झाले की मंदावे. तो दिवा घालणाऱ्याच्या स्वतःच्या हातावर होता, ही गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे तिच्याकडे यायचे आहे.

अदृश्य संवेदना दृश्य करण्याची ही धडपड आपल्याकडे अपरिचित नाही. आचार्य जगदीशचंद्र बसू यांनी १९०१ साली लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये वनस्पतींचा आघाताला मिळणारा प्रतिसाद रेषेच्या रूपात दाखवला, तेव्हा सभागृह थक्क झाले होते. पुढे त्यांनी तयार केलेला क्रेस्कोग्राफ वनस्पतीची वाढ दहा हजार पटींनी मोठी करून दाखवी. पारतंत्र्यातील एका देशाच्या शास्त्रज्ञाने, स्थानिक कारागिरांच्या हातून घडवून घेतलेल्या उपकरणांनी हे साध्य केले, याचा अभिमान वाटलाच पाहिजे. पण बसूंच्या उपकरणाने टिपला तो प्रतिसाद. रोपाला ‘दुःख झाले’ हा त्या रेषेचा लोकांनी लावलेला अर्थ होता, आणि वाद माजला तो बव्हंशी त्या अर्थावरून. रेषा आणि रेषेचा अर्थ यांतील हे अंतर शंभर वर्षांनंतरही तसेच आहे. आज भावनामापनाच्या नावाने जे विकले जाते त्यातील बरेचसे याच अंतरावर पांघरूण घालून विकले जाते.

या विषयाचा सर्वांत सूक्ष्म विचार ज्या ग्रंथात आढळतो तो भरतमुनींचा नाट्यशास्त्र हा ग्रंथ. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणून टाळी घेणे सोपे असते. भरतांनी यंत्र केले नव्हते आणि तसा दावा करून त्यांचे मोठेपण वाढतही नाही. त्यांनी विचार केला होता, आणि तो आजच्या यंत्ररचनाकारांच्या पुढे आहे, एवढेच मला म्हणायचे आहे. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव त्यांनी सांगितले. ही यादी आजच्या एखाद्या अभियंत्यापुढे ठेवावी. स्वेद म्हणजे त्याची त्वचेवरची विद्युत्पट्टी. वेपथू, म्हणजे कंप, त्याच्या घड्याळातील गतिमापक टिपतो. स्वरभंगासाठी ध्वनिविश्लेषण आहे आणि चेहऱ्याचा रंग पालटणे, म्हणजे वैवर्ण्य, कॅमेरा ओळखू लागला आहे. येथपर्यंत दोघे बरोबर चालतात. पुढे भरत एक पाऊल टाकतात आणि यंत्र मागेच राहते. शरीरावर उमटलेली खूण हा केवळ अनुभाव. तिच्या मागे कारण असते, तो विभाव. आणि त्यांच्या सोबत क्षणोक्षणी येणाऱ्या-जाणाऱ्या तेहतीस व्यभिचारी भावांची वर्दळ असते. या सर्वांचा संयोग झाल्यावाचून रस नाही. यंत्राला अनुभाव तेवढा दिसतो. विभाव त्याच्या कक्षेतच येत नाही.

महाडमध्ये हे अधिक ठळकपणे जाणवते. मे महिन्यातील उकाड्यात रिअॅक्टरच्या मचाणावर उभ्या असलेल्या माणसाचा तळहात घामाने चिंब असतो. तो भयाने की उष्म्याने, हे दोन बोटांवरच्या पट्ट्या कशा सांगणार? पावसाळ्यात रात्री सरींचा जोर वाढला की येथील कामगाराची छाती धडधडू लागते. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्रीवरील जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या, ती याच तालुक्यातील गोष्ट. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर पाण्याखाली होते. त्याच दिवशी तळियेवर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली आणि पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडीवरही तोच प्रसंग ओढवला. डोंगराच्या पायथ्याला घर आणि घरात म्हातारी आई असलेला माणूस रात्रपाळीला आला आहे व बाहेर पाऊस कोसळतो आहे. यंत्र नोंद करील : ‘ताण अधिक’. नोंद खोटी नाही. पण ती वाचणाऱ्या पर्यवेक्षकाला त्या माणसाविषयी काय कळले?

भावनांच्या नावांचाही मोठा घोटाळा आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ पॉल एकमन यांनी १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात न्यू गिनीमधील दुर्गम जमातींपर्यंत जाऊन अभ्यास केला आणि राग, भय, किळस, आश्चर्य, आनंद व दुःख या सहा भावनांची मुद्रा जगभर एकच असते असे प्रतिपादन केले. कॅमेऱ्याने चेहरा वाचणारी बहुतेक यंत्रे याच सहा कप्प्यांवर उभी आहेत. आता आपल्या घरातले शब्द घ्या. हुरहूर कोणत्या कप्प्यात ठेवणार? धाकधूक, धास्ती आणि दहशत या तिघी एकच आहेत काय? चीड आणि वैताग यांतला फरक कोणत्याही गृहिणीला सांगावा लागत नाही. आणि संकोच? वरिष्ठांसमोर कोकणातला कामगार मान खाली घालून गप्प उभा राहतो, त्याला यंत्र दुःख म्हणेल की भय? मराठी भाषेने तर भावना शरीरातच नोंदवून ठेवल्या आहेत : पोटात गोळा येतो, हातपाय गार पडतात, तोंडाला कोरड पडते, अंगावर काटा येतो. पण काटा भयाने येतो तसाच तो कीर्तनात, अभंग रंगात आला की, आनंदानेही येतो. ऐकणाऱ्याला दोन्हींतला भेद कळतो, कारण प्रसंग त्याला ठाऊक असतो.

शास्त्रज्ञांनाही हे उमगू लागले आहे. २०१९ मध्ये लिसा फेल्डमन बॅरेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजवरच्या संशोधनाचा विस्तृत आढावा घेऊन, केवळ चेहऱ्याच्या हालचालींवरून भावनेचा भरवशाचा निष्कर्ष काढता येत नाही, असे दाखवून दिले. त्यानंतर २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टने चेहऱ्यावरून भावना ओळखण्याची आपली सेवा मागे घेण्याचे जाहीर केले. अॅमेझॉनने आवाजावरून मनःस्थिती सांगणारा मनगटी पट्टा २०२० मध्ये आणला होता, तोही २०२३ मध्ये गुंडाळला. ज्या मालाविषयी खुद्द निर्मातेच साशंक झाले तो माल आपल्याकडे मात्र अद्ययावत म्हणून खपवला जाऊ नये, एवढी जागरूकता तरी आपण ठेवावयास हवी.

या बाबतीत महाराष्ट्राने एकदा हात पोळून घेतलेले आहेत. मेंदूतील विद्युत्लहरी टिपून, आरोपीने कृत्य ‘अनुभवले’ आहे की नाही हे सांगणारी एक चाचणी बंगळूरच्या एका मेंदुशास्त्रज्ञाने विकसित केली होती. डोक्यावर विद्युदग्रांची टोपी चढवायची, डोळे मिटून बसवायचे आणि गुन्ह्याविषयीची वाक्ये एकामागून एक ऐकवायची, अशी तिची पद्धत. आरोपीने तोंडातून एक अक्षरही काढण्याची गरज नसे. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खुनाच्या खटल्यात शिक्षा सुनावताना अन्य पुराव्यांसोबत या चाचणीचाही आधार घेतला. जगभर त्याची चर्चा झाली. त्याच वर्षी राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेच्या, म्हणजे निम्हान्सच्या, संचालकांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीने ही पद्धत शास्त्रीय कसोटीला उतरत नसल्याचा निर्वाळा दिला. अखेर ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘सेल्वी’ खटल्यात निर्णय दिला : नार्को, पॉलिग्राफ किंवा मेंदूलेखन यांपैकी कोणतीही चाचणी व्यक्तीच्या संमतीवाचून करता येणार नाही, तसे करणे राज्यघटनेच्या विसाव्या व एकविसाव्या अनुच्छेदांचा भंग ठरेल. खुनाचा आरोप असलेल्या माणसाच्या मनात डोकावण्यापूर्वी त्याची संमती घ्यावी लागते. मग ज्याच्यावर कसलाही आरोप नाही, जो केवळ पोटासाठी पाळीला आला आहे, त्याच्या मनात डोकावण्यासाठी ती नको काय?

हे उपकरण उद्या महाडच्या एखाद्या कारखान्याच्या फाटकावर बसवले, तर काय घडेल याची कल्पना करून पाहू. हेतू चांगलाच सांगितला जाईल. सुरक्षितता! ज्याचा ताण अधिक दिसेल त्याला त्या दिवशी आत घ्यायचे नाही. कायम नोकरीतल्या माणसाला कदाचित रजा मिळेल. ठेकेदाराकडच्या माणसाचा मात्र तो खाडा, म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडाली. दोन-तीन वेळा मजुरी बुडाली की तो यंत्राला फसवायला शिकेल. आणि फसवणे शक्य आहे, यात शंका नको. सात्त्विक भाव मन एकाग्र करून आणता येतात, हे भरतांनीच सांगून ठेवले आहे. नटाची सारी विद्या त्यावरच उभी आहे. डॉ. श्रीराम लागू हे व्यवसायाने कान-नाक-घशाचे शल्यविशारद होते. १९७० साली त्यांनी ‘नटसम्राट’मध्ये अप्पासाहेब बेलवलकर उभा केला तेव्हा प्रेक्षागृहातील माणसे ढसढसा रडत. रंगमंचावरील त्या कंपाला आणि त्या स्वरभंगाला यंत्र काय म्हणाले असते? नटाने आणलेले अश्रू आणि कामगाराने दडवलेली धास्ती, दोन्हीकडे यंत्र सारखेच फसते. फरक इतकाच की कामगाराने दडवलेल्या धास्तीची किंमत पुढे साऱ्या वसाहतीला मोजावी लागू शकते.

रासायनिक कारखान्यात वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या ऑपरेटरशी बोलून पाहावे. पडद्यावरचे आकडे मर्यादेत असतात, तरी त्याला ‘काहीतरी बिनसलंय’ असे वाटते. पंपाचा सूर किंचित बदललेला असतो. एखादा वास रोजच्यापेक्षा उग्र असतो. नळीचा कंप हाताला वेगळा लागतो. त्याला ते शब्दांत सांगता येत नाही, पण पोटात गोळा येतो. ही धास्ती म्हणजे वर्षानुवर्षांच्या अनुभवाने त्या माणसात तयार झालेले एक मापकच होय. भावनामापक यंत्राने ती ‘ऑपरेटर तणावात’ अशी दाखवली आणि व्यवस्थापनाने माणूस बदलला, तर कारखान्याने आपला सर्वांत संवेदनशील भोंगा स्वतःच्या हाताने बंद केला असे होईल. तेथे यंत्राचा दिवा लाल झाला तर आधी रिअॅक्टर तपासला पाहिजे, माणूस त्यानंतर.

ही माझी भावुकता नव्हे. भोपाळच्या दुर्घटनेनंतर १९८७ साली कारखाना कायद्यात जी कलमे घालण्यात आली त्यांपैकी ४१-एच हे कलम पाहावे. धोकादायक प्रक्रियेच्या ठिकाणी जीविताला वा आरोग्याला तातडीचा धोका असल्याची वाजवी धास्ती कामगाराला वाटली, तर ती कारखानदाराच्या निदर्शनास आणून देण्याचा त्याला अधिकार आहे, आणि खात्री पटल्यास तत्काळ उपाय करणे हे व्यवस्थापनाचे कर्तव्य आहे, असे ते कलम सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेतही या आशयाची तरतूद आहे. कायद्याने कामगाराच्या धास्तीला अधिकाराचा दर्जा दिला आहे. त्याच धास्तीला दोषाचा दर्जा देणारे उपकरण फाटकावर बसवणे कोणत्या न्यायात बसते?

याचा अर्थ शरीर वाचणारे प्रत्येक उपकरण त्याज्य, असा मात्र नव्हे. या वसाहतीतून निघणारे टँकर पोलादपूर ओलांडून कशेडीच्या मार्गाने रात्री-अपरात्री जातात. चालकाच्या पापण्या जड झाल्या की त्याला तेथल्या तेथे जागे करणारे उपकरण असेल तर ते अवश्य बसवावे. युरोपमध्ये जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या मोटारीत चालकाच्या पेंगुळलेपणाची सूचना देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे. पेंग ही शरीराची अवस्था आहे. तिचा अर्थ लावावा लागत नाही, आणि सूचना ज्याला मिळायची त्यालाच मिळते. भावनेचे तसे नाही. म्हणूनच युरोपीय संघाने २०२४ च्या कृत्रिम बुद्धिमत्ता कायद्यात एक स्पष्ट रेघ ओढली. कामाच्या ठिकाणी आणि शाळा-महाविद्यालयांत माणसाच्या भावनांचा अंदाज बांधणाऱ्या यंत्रणांना वैद्यकीय व सुरक्षिततेची कारणे वगळता बंदी, आणि ती २ फेब्रुवारी २०२५ पासून अमलातही आली. एरवी पाश्चात्त्यांचे अनुकरण करण्यास आपण उत्सुक असतो, मग येथेच मागे का राहावे?

आपल्याकडचा २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा या बाबतीत तोकडा आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य बंधने लागू होण्यास त्यापुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. पण कायद्याच्या सातव्या कलमातच नोकरीच्या प्रयोजनासाठी आणि मालकाचे नुकसान टाळण्यासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीविना वापरण्याची मुभा आहे. हजेरी, पगार, कारखान्याची गुपिते यांपुरती ती समजण्यासारखी आहे. कामगाराच्या तळहाताचा घाम आणि आवाजातील कंप याच मुभेखाली जमा होऊ लागला तर त्याला हरकत घेण्यास जागा उरत नाही. हे कलम सुधारून घेण्यासाठी कामगार संघटनांनी आणि आपल्या खासदारांनी आताच प्रयत्न करावयास हवेत. यंत्रे बसल्यानंतर कायदा बदलण्याचा आपला अनुभव फारसा चांगला नाही.

तोवर लोणेऱ्याच्या त्या विद्यार्थ्यास दोन शब्द सांगावेसे वाटतात. बाळा, उपकरण अवश्य कर. पण त्यावर ‘राग’, ‘भय’ असे शब्द उमटवू नकोस. नुसता दिवा उजळू दे किंवा रेषा चढू दे, तिचा अर्थ ज्याचा त्याला लावू दे. दिवा त्या हातमोज्यावरच्या दिव्याप्रमाणे घालणाऱ्याकडेच वळलेला असावा. पाळी संपली की नोंद पुसली जाईल अशी व्यवस्था कर, आणि पुसण्याची कळ कामगाराच्या हाती ठेव, सुरक्षा अधिकाऱ्याच्या टेबलावर नको. शेजारी आणखी एक कळ दे. मनात आलेली धास्ती स्वतः होऊन कळवावीशी वाटली तर ती दाबावी, आणि नियंत्रण कक्षाच्या पडद्यावर माणसाचे नाव उमटण्याऐवजी तो ज्या रिअॅक्टरपाशी उभा आहे त्याचा क्रमांक उमटावा. त्यासाठी भावना ओळखण्याची फारशी गरज पडणार नाही. साध्या तारेवरही ते काम होईल आणि खर्चही बेताचाच येईल. परीक्षकांनी ‘यात नवीन काय?’ असे विचारले, तर कारखाना कायद्याचे ४१-एच कलम त्यांच्यापुढे ठेव.